रामा शेट्टी नव्हे, देसाई

‘अर्धसत्य’मधला अनंत वेलणकर हा व्यवस्थेचा बळी आहे, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात पडून गेला आहे. चित्रपट १९८३ सालचा. त्याला चार दशके उलटली, तरी वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांपासून पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांपर्यंत हे वाक्य जसेच्या तसे फिरत असते. ते आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही. आम्हांला ते मुळातच मान्य नाही. वेलणकर हा केवळ बळी असेल, तर ‘अर्धसत्य’ ही एक दुःखद हकीकत ठरते. तिला शोकात्मिका म्हणता येणार नाही. आणि आमचे म्हणणे असे आहे की ती शोकात्मिकाच आहे. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा आणि तीवरची विजय तेंडुलकरांची पटकथा, असा तिचा पिंड पुरता मराठी आहे. गोविंद निहलानींनी तो हिंदी पडद्यावर नेला, इतकेच.

हा वाद एका जुन्या चित्रपटापुरता असता तर आम्ही तो येथे घातला नसता. आमच्या पिढीने ‘अर्धसत्य’ चित्रपटगृहात पाहिलेला नाही. घरी, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहिला. त्याच पडद्यावर गेली पंचवीस वर्षे मराठी-हिंदी गुन्हेगारी मालिकांचा अखंड रतीब चालू आहे, आणि त्या मालिका पाहताना दर वेळी आम्हांला एकच प्रश्न पडतो: इतके खून, इतके तपास, इतकी कोर्टे, मग यातली एकही गोष्ट आपल्याला रात्री जागे का ठेवत नाही? उत्तर ‘अर्धसत्य’मध्ये आहे. मात्र ते आपण आजवर चुकीच्या दृश्यात शोधत आलो.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, तरी तिचा क्रम पुन्हा सांगायला हवा. आमचा सगळा मुद्दा क्रमातच आहे. मुंबईतला एक तरुण उपनिरीक्षक. बाप निवृत्त पोलीस, तापट, बायकोवर हात टाकणारा. पोराला पुढे शिकायचे होते, बापाने खात्यात ढकलले. हा उपनिरीक्षक रामा शेट्टी नावाच्या दादाच्या माणसांना पकडतो. शेट्टी गोडीगुलाबीने त्याला आपलासा करू पाहतो. तो बधत नाही. पुढे गोरगरिबांच्या वस्तीत त्रास देणाऱ्या काही गुंडांना तो उचलतो आणि कोठडीत यथास्थित बडवतो. ते गुंड निघतात आमदाराचे. आमदार निलंबन मागतो, चौकशीची टांगती तलवार येते. आणि या ठिकाणी वेलणकरचा वरिष्ठ, हैदर अली, त्याला एक वाट दाखवतो. देसाई नावाचे एक गृहस्थ आहेत. दिल्लीपर्यंत त्यांचे हात पोहोचतात. त्यांच्यामार्फत सूत्रे हलतात, चौकशी मिटते, नोकरी वाचते.

चित्रपटाविषयी बोलणारे या प्रसंगावरून घाईने पुढे जातात. त्यांना रामा शेट्टीकडे पोहोचायचे असते. ते स्वाभाविकही आहे. नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी तो शेट्टी असा काही उभा केला आहे की नजर त्याच्यावरून हलत नाही. पण शेट्टी हा या नाटकातला सैतान असला तरी नाटक त्याच्यामुळे घडलेले नाही. नाटक घडते देसाईंमुळे. देसाई धमकी देत नाहीत, लाच मागत नाहीत. वेलणकरही कोणाला लाच देत नाही, खोटी साक्ष देत नाही, कोणाचा गळा कापत नाही. तो फक्त ‘नको’ म्हणत नाही.

आणि ‘नको’ का म्हणावे? त्याची बाजू तर न्यायाची आहे! त्रास गुंडांनी दिला, आमदाराने सूड धरला, प्रामाणिक माणसाची नोकरी जाण्याची वेळ आली. अशा वेळी एखाद्या परिचिताने दिल्लीला एक शब्द टाकला तर काय बिघडले? प्रेक्षक असाच विचार करतो, हैदर अलीही असाच विचार करतो, आणि हैदर अली काही वाईट माणूस नाही. तेंडुलकरांचे सगळे सामर्थ्य या ‘काय बिघडले’मध्ये आहे. सज्जन माणसाला सज्जन माणसानेच, त्याच्या भल्यासाठी, दिलेला सल्ला.

आता बिघडले काय ते पाहू. त्या गुंडांना कोठडीत बडवणे हे कायद्याच्या बाहेरचे होते. आपल्याला ते खटकत नाही, कारण मार खाणारे त्याच लायकीचे आहेत असे आपण ठरवून टाकलेले असते. पण चौकशी झाली असती, तर ती आमदाराच्या सूडापोटी सुरू झालेली असली तरी, तिने वेलणकरला नेमका हाच प्रश्न विचारला असता: तुझ्या ताब्यातल्या माणसावर तू हात का उचललास? देसाईंच्या शब्दाने नोकरी वाचली, हे खरे. त्याबरोबर हा प्रश्नही पुसला गेला. वेलणकरच्या हाताला पहिल्यांदाच जाब विचारला जाणार होता, तो विचारलाच गेला नाही.

पुढचे सारे आपल्याला ठाऊक आहे. एका खतरनाक दरोडेखोराला जिवावर उदार होऊन पकडल्याचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळते. वेलणकर दारूकडे वळतो. आणि एका रात्री रेडिओ चोरणारा एक भुरटा चोर त्याच्या हाती सापडतो आणि त्या हातांखाली मरतो. हे तेच हात आहेत. तीच कोठडी आहे. फरक एवढाच की या वेळी मार खाणारा कोणा आमदाराचा माणूस नाही, आणि तो मेला आहे. पुन्हा निलंबन. पुन्हा हैदर अलीचा सल्ला, की आता वाचवू शकेल असा एकच माणूस उरला आहे: रामा शेट्टी. ज्याला पहिल्या भेटीत झिडकारले त्याच्याच दारात वेलणकर जाऊन उभा राहतो, शेट्टी त्याचा पाणउतारा करतो, वेलणकर त्याचा गळा आवळतो.

हा क्रम एकदा नीट मांडला की दिसते, रामा शेट्टी म्हणजे दुसरे कोणी नसून अधिक भाव लावणारे देसाईच आहेत. दार एकच आहे. पहिल्यांदा ते सभ्य माणसाच्या घराचे होते, म्हणून ओळखू आले नाही.

मराठीत आपण या गोष्टीला ‘तडजोड’ म्हणतो, आणि अडचण तिथूनच सुरू होते. तडजोड हा आपल्याकडे सद्गुणवाचक शब्द आहे. संसार तडजोडीवर चालतो, भाऊबंदकीचे वाद तडजोडीने मिटतात, लोकअदालतीचा निवाडा तडजोडीने होतो. तडजोड न करणारा माणूस आपल्या लेखी आडमुठा, अव्यवहारी. ‘मिटवून टाका’, ‘सांभाळून घ्या’, ‘एक फोन करा’, ही आपली रोजची क्रियापदे आहेत, आणि ती उच्चारताना कोणाच्या चेहऱ्यावर अपराधाची छटा नसते. (काही वर्षांपूर्वी ‘चालतंय की’ हे एका मालिकेतल्या नायकाचे पालुपद महाराष्ट्रभर लाडके झाले होते, ते तसे निरागस होते, पण आम्हांला ते ऐकताना उगाच धास्ती वाटे.) नैतिक माघारीसाठी मराठीत स्वतंत्र, बोचणारा असा रोजच्या वापरातला शब्द नाही. मग नाटककाराला ती माघार प्रसंगातूनच दाखवावी लागते, आणि प्रेक्षकाला ती दिसेलच याची खात्री नसते. ‘अर्धसत्य’चे नेमके असेच झाले.

आपल्या परंपरेत हे पहिल्यांदाच झाले असे मात्र नाही. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेले ‘एकच प्याला’ घ्या. सुधाकर हुशार वकील आहे, मानी आहे. कोर्टात अपमान होतो, सनदेवर गंडांतर येते, आणि त्या तळमळीत तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो. कशासाठी? तर जरा बरे वाटावे म्हणून. शीर्षकातला ‘एकच’ हा शब्द गडकऱ्यांनी किती विचारपूर्वक ठेवला आहे! पुढची सगळी वाताहत, सिंधूचे हाल, मुलाचा मृत्यू, त्या ‘एकच’मध्ये सामावलेली आहे. आणि आपण काय केले? ‘एकच प्याला’ला मद्यनिषेधाचे नाटक म्हणून बाजूला बसवून दिले. दोष दारूचा ठरला, सुधाकर सुटला. पुढे ‘अर्धसत्य’मध्ये दोष व्यवस्थेचा ठरला, वेलणकर सुटला. व्यवसायातला अपमान, निलंबन, त्यावर हितचिंतकाने सुचवलेला तात्पुरता उतारा, आणि त्या उताऱ्यानेच झालेला घात, हा दोन्ही कृतींतला आराखडा इतका सारखा असताना त्यांची तुलना वर्गात फारशी होत नाही. एक नाटक आणि दुसरा चित्रपट, त्यातून हिंदी, हे कारण आम्हांला पुरेसे वाटत नाही.

आमच्या गावच्या शिरवाडकरांनी १९५४ साली ‘मॅक्बेथ’चे ‘राजमुकुट’ केले. मॅक्बेथ हा चेटकिणींचा बळी आहे, असे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गुण देत नाही. चेटकिणी बोलतात, कट्यार मात्र मॅक्बेथच उचलतो, हे आपण त्याला समजावून सांगतो. वेलणकरच्या बाबतीत हाच न्याय का लावायचा नाही? ‘व्यवस्था’ या शब्दाला आपण चेटकिणींपेक्षा अधिक शक्ती बहाल केली आहे, असे दिसते. तो उच्चारला की माणसाच्या कृतीचा हिशेब संपतो.

इथे कोणी म्हणेल, की मग तुम्ही दोष पीडितावर टाकता आहात. आमदार, मंत्री, वरिष्ठ हे सारे नामानिराळे. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो उडवून लावण्याची आमची इच्छा नाही. व्यवस्था सडलेली आहे, ‘अर्धसत्य’ ती सडलेली दाखवतो, आणि तिच्यात एकट्या प्रामाणिक माणसाला उभे राहणे जवळजवळ अशक्य असते, हे सगळे कबूल. पण ‘जवळजवळ’ या शब्दातच शोकात्मिका राहते. वेलणकरला पर्याय होता. तो सुखाचा नव्हता: चौकशीला सामोरे जायचे, कदाचित नोकरी गमवायची. माइक लोबोच्या रूपाने त्या पर्यायाचे भेसूर चित्रही तेंडुलकर त्याच्यासमोर उभे करतात. निलंबित झालेला, दारूत बुडालेला, रस्त्यावर आलेला अधिकारी. लोबोला पाहून वेलणकर घाबरतो आणि त्या भीतीपोटी देसाईंचे दार स्वीकारतो. नियतीचा उपरोध असा की त्यामुळेच तो लोबोच्याही पलीकडे जाऊन पोहोचतो. आपल्याच व्यवसायातली ज्योत्स्ना गोखले, ती महाविद्यालयात शिकवते, त्याच्या हातांमधला हा बदल सर्वांआधी ओळखते आणि त्याच्यापासून दूर होते. तिला समीक्षकांनी भावुक प्रेयसी ठरवून टाकले आहे. आम्हांला ती चित्रपटातली एकमेव नीट वाचन करणारी व्यक्ती वाटते. चित्रपटात येणारी दिलीप चित्र्यांची कविता तिच्यामुळेच वेलणकरपर्यंत पोहोचते, आणि त्या कवितेचा विषय चक्रव्यूहात शिरण्याआधीचा आणि शिरल्यानंतरचा माणूस हा आहे. तिच्यात व्यूह रचणाऱ्यांची गाऱ्हाणी नाहीत.

आता आजच्या पडद्याकडे वळू.

झी मराठीवर ‘देवमाणूस’ ही मालिका २०२० आणि २०२१ साली चालली आणि अफाट गाजली. इतकी की तिला पुढेही भाग लाभले. वाई परिसरात २०१६ साली उघडकीस आलेल्या हत्याकांडावरून ती सुचली, असे तेव्हापासून बोलले जाते. मालिकेतला डॉक्टर अजितकुमार देव हा तोतया आहे, खुनी आहे, आणि किरण गायकवाड यांनी त्याचे गोड हसू असे काही वठवले की गावोगाव त्याची नक्कल होऊ लागली. सरू आजीच्या म्हणी तर घराघरांत पोहोचल्या. या गोष्टींची आम्हांला असूया नाही. पण तीनशेहून अधिक दिवस रोज चाललेल्या या गोष्टीत भय होते, उत्कंठा होती, विनोदही होता. करुणा मात्र औषधालाही नव्हती. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्राच्या तेराव्या प्रकरणात नोंदवून ठेवले आहे की पुरता दुष्ट माणूस कोसळला तर त्यातून करुणा उपजत नाही आणि भीतीही नाही. आपल्यासारखाच, ना फार थोर ना फार नीच असा माणूस प्रमादामुळे कोसळला तरच त्या भावना जाग्या होतात. अजितकुमार पहिल्या भागापासून राक्षस आहे. तो काहीच गमावत नाही, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखे काही दाखवलेलेच नाही.

आणि दुःख याचे वाटते की शोकात्मिकेचे बीज त्या मालिकेत होते. डिंपल. वाड्यातली मुलगी, हौशी, थोडी हावरी, डॉक्टरवर भाळलेली. तिला त्याचा खरा चेहरा कळतो आणि ती गप्प बसते. पुढे ती त्याची साथीदार होते. त्या दोन अवस्थांच्या मध्ये एक क्षण असला पाहिजे, ज्यात तिने स्वतःला काहीतरी सांगितले. काय सांगितले? ‘आपल्याला काय करायचंय’? ‘लग्न झाल्यावर सुधारेल’? ‘मेलेली काय परत येणार आहे’? तो क्षण लिहिणारा लेखक मिळाला असता तर मराठी दूरचित्रवाणीला तिचा ‘एकच प्याला’ मिळाला असता. पण डिंपलचा उपयोग मालिकेने कलाटण्यांसाठी आणि करमणुकीसाठी करून घेतला. प्रत्यक्ष प्रकरणात तेरा वर्षांत सहा खून झाल्याचा आरोप आहे, आणि त्यातली एक सहआरोपी पुढे माफीची साक्षीदार झाली. तेरा वर्षे! खुन्याच्या मनाचा शोध घेणे मानसशास्त्रज्ञांचे काम असेल. नाटककाराचे काम त्या तेरा वर्षांत भोवतालच्या कोणाकोणाच्या मनात शंका आली आणि ती त्यांनी कोणत्या शब्दांत गिळली, हे शोधण्याचे आहे. आपल्या मालिकांना खुनी हवा असतो. शंका गिळणारी माणसे त्यांना नको असतात, कारण ती प्रेक्षकांत बसलेली असतात.

‘सीआयडी’विषयी लिहायला गंभीर टीकाकार सहसा धजत नाहीत, ती पोरासोरांची मालिका म्हणून सोडून देतात. ती १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे अखंड चालली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. मराठी रंगभूमीवरून आलेले शिवाजी साटम तिच्यातले एसीपी. या मालिकेत दयाची थप्पड प्रसिद्ध आहे. संशयित उडवाउडवी करतो, दया एक सणसणीत लगावतो, संशयित पोपटासारखा बोलू लागतो. आणि तो दर वेळी खरे बोलतो! वीस वर्षांत त्या थप्पडेने सहसा निरपराध माणसाला गाठले नाही, कोणाच्या कानाचा पडदा फाटला नाही, कोणी कोठडीत मेले नाही. आम्ही हे थट्टेने लिहीत नाही. वेलणकरच्या हातांविषयी देसाईंनी जो प्रश्न पुसून टाकला, तोच प्रश्न या मालिकेने दोन पिढ्यांच्या मनातून, हसतखेळत, पुसला. तेंडुलकरांनी ज्याला आरंभ मानले ते इथे समाप्तीचे चौघडे वाजवण्याचे निमित्त झाले.

परदेशी मालिकांची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही, पण एका उदाहरणाशिवाय मुद्दा पुरा होत नाही. ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकी मालिका (२००८ ते २०१३) आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी भ्रमणध्वनीवर पाहून टाकलेली आहे. अल्बुकर्कीमधला एक रसायनशास्त्राचा शिक्षक, कर्करोग, उपचारांना पैसे नाहीत, म्हणून अमली पदार्थांचा धंदा. इथपर्यंत ही ‘व्यवस्थेचा बळी’ छापाची गोष्ट वाटते, आणि आपल्याकडे ती तशीच लिहिली गेली असती. पण पहिल्याच पर्वात लेखक एक दार उघडतात: जुना श्रीमंत मित्र उपचाराचा सगळा खर्च उचलायला तयार होतो. आणि वॉल्टर व्हाइट ‘नको’ म्हणतो. अभिमान आडवा येतो. त्या क्षणापासून त्याला गरिबीची सबब उरत नाही. पुढचे प्रत्येक प्रेत त्याच्या त्या ‘नको’च्या खात्यावर जमा होते. वेलणकर ‘नको’ म्हणत नाही म्हणून बुडतो, हा ‘नको’ म्हणतो म्हणून. दोन्हीकडे लेखकाने दुसरे दार उघडे असल्याचे आपल्याला दाखवून ठेवले आहे. आमची मराठी-हिंदी मालिकांच्या लेखकांविषयीची तक्रार नेमकी हीच आहे: ते दुसरे दार आधीच विटांनी बंद करून घेतात. नायक अगतिक, खलनायक जन्मजात दुष्ट, मधे कोणालाही निवड करावी लागत नाही.

‘ही करमणूक आहे, तिच्याकडून एवढी अपेक्षा कशाला’ हा नेहमीचा युक्तिवाद आम्ही फार वेळ ऐकून घेणार नाही. गडकऱ्यांचे नाटकही तिकीट लावूनच होत होते आणि लोक त्याला हसायलाही जात होते.

अपेक्षा का, ते सांगतो. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या आयोगाचा अहवाल २०२२ साली पुढे आला; ती चकमक बनावट होती, असा त्याचा निष्कर्ष होता. २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या वाहनात गोळी लागून मेला आणि दोन दिवसांत मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने २०२५ च्या जानेवारीत त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचे म्हटले. या दोन्ही गुन्ह्यांविषयीचा संताप आम्हांलाही आहे, त्याची साक्ष देत बसण्याची गरज नाही. पण फुले आणि फलक पाहताना आम्हांला वेलणकरचे प्रेक्षक आठवले. गळा आवळण्याच्या दृश्याला हे प्रेक्षक टाळ्या वाजवतात. चार दशकांत त्या टाळ्या पडद्याबाहेर आल्या, इतकेच झाले आहे. ‘व्यवस्थेचा बळी’ हे समीक्षेतले वाक्य आणि ‘बदला पुरा’ हा फलक यांचे नाते आम्हांला वाटते तितके दूरचे नाही: दोहोंतही हाताला जाब विचारायचा नसतो.

महाराष्ट्र पोलीस अकादमी आमच्या नाशकातच, त्र्यंबक रस्त्यावर आहे. महाराष्ट्राचे उपनिरीक्षक इथे घडतात. दीक्षांत संचलनाच्या दिवशी गावोगावचे आईबाप नव्या कपड्यांत, पोराच्या खांद्यावरचे तारे पाहायला येतात. त्यांतले कितीतरी आमच्यासारख्यांच्याच वर्गांतून, मराठी घेऊन बी. ए. झालेले असतात. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शिकांत त्यांनी दंडसंहिता वाचलेली असते आणि पडद्यावर दयाची थप्पड पाहिलेली असते. देसाई त्यांना कोणी शिकवलेले नसतात. पहिल्या नेमणुकीच्या ठाण्यात, पहिल्या अडचणीच्या वेळी, एखादा भला वरिष्ठ चहा पाजून सांगेल, की असे असे एक गृहस्थ आहेत, एक शब्द टाकून पाहू. त्या वेळी त्या मुलाला हा प्रसंग कुठेतरी पूर्वी पाहिल्यासारखा वाटावा, एवढी अपेक्षा साहित्याकडून, नाटकाकडून, आणि हो, रात्री साडेदहाच्या मालिकेकडूनही करणे आम्हांला अवाजवी वाटत नाही.

अलीकडे समाजमाध्यमांवर ‘अर्धसत्य’चे तुकडे फिरत असतात. आमच्यापर्यंत आलेल्या तुकड्यांत रामा शेट्टीचा गळा आवळला जातो आणि तिथेच चित्र थांबते. खाली अंगठ्यांची आणि ज्वाळांची चिन्हे. चित्रपट मात्र तिथे थांबत नाही. वेलणकर तिथून उठून पोलीस ठाण्यात जातो, हैदर अलीसमोर उभा राहतो आणि आपण खून केल्याचे सांगतो. कोणी त्याला तसे करायला सांगितलेले नसते. या वेळी कोणाला फोन होत नाही.